मुलगी सांभाळत नसल्याचा कागद

१२ जानेवारी

मुली,

वरती काय लिहावं यात माझे तीन कागद वाया गेले. लोकांच्या अर्जांवर ‘महोदय’ ठोकून मी मोकळा होतो, ते इथे चालेना. म्हणून नुसतं मुली लिहिलं.

तुझा पत्ता तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. ती नाहीच म्हणत होती. मी तिच्या दाराबाहेरच्या बाकावर दीड तास बसून राहिलो, तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, एकदाचा देऊन टाक आणि म्हाताऱ्याला घालव.

आता कामाचं. तुझ्या आईला रक्ताचा आजार निघाला आहे. घाबरण्यासारखं काही नाही. रोज एक गोळी घ्यायची, घेत राहिलं की माणूस चालताबोलता राहतो, आणि ती आयुष्यभर घ्यायची. गोळी महाग आहे. किती महाग ते लिहीत नाही, कारण हे पत्र पैशांसाठी नाही, हे आधी नीट समजून घे. तुझ्याकडे पैसे मागायला मला तोंड नाही आणि मागायचेही नाहीत.

ही गोळी फुकट देणारा एक ट्रस्ट आहे, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर त्याची खिडकी आहे. त्या खिडकीचे निदान दोनशे अर्ज मी आजवर लोकांना भरून दिले असतील, एकही परत आला नाही. माझा स्वतःचा तेवढा परत आला. ‘अपत्ये’ या रकान्यात ‘नाही’ असं पडलं होतं. आणि हॉस्पिटलच्या जुन्या फायलीत, तुझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाच्या, ‘जवळची व्यक्ती’ म्हणून तुझं नाव आहे आणि खाली तुझी सही. खिडकीतल्या माणसानं दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून बघितलं. तीस वर्षं कचेरीच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, मला कुठे बघावं कळेना.

त्यांचा नियम असा. कमावतं मूल असेल तर त्याच्या पगाराचा दाखला जोडायचा. ते मूल आईबापाला सांभाळत नसेल तर तसं त्यानं स्वतः नोटरीसमोर लिहून द्यायचं. म्हणून सोबत मजकूर टाइप करून पाठवतो आहे. तू फक्त सही कर आणि नोटरीचा शिक्का घे. शिक्क्याचे पैसे आणि तिकीट लावलेला लखोटा आत आहे.

मजकूर असा आहे: ‘मी, खाली सही करणार, वय वर्षे चौतीस, लिहून देते की गेल्या नऊ वर्षांत माझा माझ्या आईवडिलांशी कोणताही संबंध राहिलेला नाही. मी त्यांना कोणत्याही प्रकारची मदत करीत नाही व पुढे करण्याची शक्यता नाही.’

भाषा कोरडी आहे. अर्जाची भाषा कोरडीच लागते, जरा ओली झाली की कारकुनाला संशय येतो.

तुझी आई तशी बरी आहे.

— तुझे वडील


२ फेब्रुवारी

मुली,

एकवीस दिवस झाले. टपालाला तुझ्या गावापर्यंत चार दिवस लागतात, मी चौकशी केली. म्हणजे कागद तुझ्याकडे पोचला आहे.

मागच्या पत्रात मी ‘नाही असं पडलं होतं’ असं लिहिलं. टाइपरायटरवर आपोआप काही पडत नाही. मी लिहिलं. रकाना रिकामा ठेवायचा नाही हा माझा धडा, तो मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा शिकवतो. त्या रकान्यापाशी आलो आणि तुझं नाव घातलं तर पुढे नोकरी, पगार, पत्ता, सगळे रकाने उघडतात हे डोळ्यांसमोर आलं. यातलं एकही मला माहीत नव्हतं. समोरच्याला ‘मुलीचा पत्ता माहीत नाही’ असं सांगण्यापेक्षा ‘मुलगी नाही’ हे सोपं वाटलं. पायऱ्यांवरचा स्टॅम्पवाला म्हणतो, वैद्याच्या घरचे रोगी आणि तुमच्या घरचे अर्ज, दोन्ही एकाच लायकीचे. बरोबर आहे त्याचं.

ट्रस्टची बैठक अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे. तोवर कागद लागला नाही तर पुढची बैठक सहा महिन्यांनी. सहा महिने गोळीविना काढायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, काढले तर? त्यांनी माझ्याकडे न बघता दुसरा पेशंट बोलावला.

सध्या गोळ्या आहेत. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानातली बाई भली आहे. एका पेशंटच्या घरच्यांनी उरलेल्या पट्ट्या तिच्याकडे आणून दिल्या होत्या, त्या तिनं मला दिल्या. त्यांना आता त्यांची गरज नव्हती. का नव्हती ते मी तुझ्या आईला सांगितलं नाही.

ती परवा विचारत होती, तुझ्या खिडकीसमोरचं झाड तोडलं की ठेवलं. हे वाक्य तुला कळणार नाही, सोडून दे. खाडाखोड केली असती पण कागद चांगला आहे.

— वडील


१४ फेब्रुवारी

खारू,

या नावानं हाक मारली म्हणून हा कागद फाडू नकोस. पुढचं वाच आणि मग फाड.

मी मागच्या दोन्ही पत्रांत तुझ्या जाण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. जणू तू रागावून निघून गेलीस आणि राग कशाचा ते कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या आईला तर अजूनही वाटतं, की तुला नोकरी लागली म्हणून तू गेलीस. मला ठाऊक आहे. त्या शिष्यवृत्तीचा अर्ज तू माझ्याकडे दिलास, म्हणालीस बाबा, एकदा नजर टाका आणि पोस्टात टाका. मी नजर टाकली. पोस्टात टाकला नाही. टाकला म्हणून तुला सांगितलं. मुदत संपेपर्यंत तो माझ्या पिशवीत, कार्बनच्या खोक्याखाली होता. तू रोज टपालाची वाट बघायचीस आणि मी तुला म्हणायचो, अगं, हजार अर्ज येतात, नशीब लागतं. माझ्या जिभेला हाड नव्हतं असं नाही, मला सगळं कळत होतं.

आई एकटी पडेल, असं कारण मी तेव्हा स्वतःला देत होतो. ते खोटं आहे. तू मला जवळ हवी होतीस. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

मुदत गेल्यावर तरी फाडून टाकायचा. तेही झालं नाही. इतका नीट भरलेला अर्ज मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, एक खाडाखोड नाही, प्रत्येक रकाना सरळ. माझ्या टेबलाखाली बसून निळी बोटं करून कार्बन लावणारी पोर, तिनं भरलेला. फाडवेना. वर्षानं तू कार्बन शोधायला पिशवी उघडलीस आणि तो तुझ्या हाती लागला. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू लखोटा टेबलावर ठेवलास आणि बॅग भरायला घेतलीस.

आता माझा कागद तुझ्या हातात आहे. तू तो तसाच ठेवून दिलास, मुदत टळू दिलीस, तर मी चकार शब्द बोलू शकणार नाही. न्याय म्हणून बघितलं तर तसंच व्हायला हवं. पण खारू, आजारी मी नाही. गोळी माझी नाही. माझ्या पापाचं तिकीट तुझ्या आईच्या कपाळाला लावू नकोस.

बैठकीला चौदा दिवस आहेत.

— बाबा


२३ फेब्रुवारी

खारू,

कागद मिळाला. मिळाल्याबरोबर जाऊन खिडकीत दिला, पोच घेतली.

लखोट्यात आणखी काही आहे का ते मी बघितलं. उलटा करून झटकला, मग शिवणीवर फाडून आतून बघितला. काही नव्हतं. नसणारच, मी तशी अपेक्षा केली नव्हती. मी शिक्क्यासाठी पाठवलेले पैसे तू परत घातले होतेस, तेवढे निघाले.

तुझं वय मी चौतीस टाइप केलं होतं. तू ते खोडून छत्तीस केलंस आणि बाजूला बारीक सही केलीस. खोडलं की शेजारी सही करायची हे तुला मीच शिकवलं. वय मात्र मला आलं नाही. मी बोटांवर पुन्हा मोजलं, छत्तीसच होतं.

मी लिहिलेलं वाक्य, कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याखाली तुझी सही बघितली. वाक्य माझंच, तरी वाचून पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिलो. एका बाईला रहिवासाचा दाखला करून हवा होता, तिला म्हटलं उद्या या.

तुझे उपकार झाले. हे मी अर्जाच्या भाषेत लिहीत नाही.

— बाबा


९ मार्च

खारू,

हे पत्र लांबणार आहे. यात जे लिहायचं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही.

बैठकीत अर्ज मंजूर झाला होता. फक्त घरी येऊन एक चौकशी व्हायची राहिली होती, ती सगळ्यांचीच होते. काल ट्रस्टच्या बाई आल्या. चांगल्या होत्या, चप्पल दाराबाहेर काढून आल्या, पाणी मागून घेतलं. तुझी आई ठेवणीतले कपडे घालून पलंगावर ताठ बसली होती. तिला दिसतं कमी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि या आजारात डॉक्टर ऑपरेशन करायला तयार नाहीत. पण पाहुणीसमोर ती असं तोंड करून बसते की समोरच्याला कळू नये.

बाईंनी घर बघितलं, माझी कमाई विचारली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मोजल्या. मग फायलीतून तुझा कागद काढला. मी म्हणालो, ते आपण बाहेर बोलू. पण तोवर त्यांनी आईला विचारलंही होतं.

“आजी, मुलगी काहीच पाठवत नाही ना?”

“आम्हीच घेत नाही हो. ती बिचारी दर पत्रात विचारते.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “दर पत्रात?”

“महिन्याला एक. नऊ वर्षं झाली, एक महिना चुकला नाही. अहो, तो पत्रांचा डबा काढा ना.”

मी म्हणालो, कुठे ठेवलाय आठवत नाही. ती म्हणाली, तुमच्या डोक्यावर. फळी माझ्या डोक्यावरच होती.

खारू, ती पत्रं मी लिहितो.

तू गेल्यावर चार महिने तुझी आई टपालाच्या वेळी दारात खुर्ची टाकून बसायची. जेवण जवळजवळ सुटलं होतं. टपालवाल्याची तिला इतकी सवय झाली की तोच बिचारा लांबून हात हलवून नाही म्हणायचा. एके दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी तुझ्या नावानं चार ओळी टाइप केल्या. सुखरूप पोचले, खोली मिळाली, काम बरं आहे, काळजी करू नकोस. खाली नुसतं ‘खारू’. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि आपणहून बोलायला लागली. मला वाटलं, एकदाच. पुढच्या महिन्यात ती पुन्हा खुर्ची टाकून बसली.

तुझं बरंच काही मी परस्पर ठरवलं आहे. खिडकीसमोर झाड दिलं. एक चिडकी घरमालकीण दिली, कारण सगळंच चांगलं लिहिलं तर कुणाला खरं वाटत नाही. दोनदा बढती दिली. लग्न तेवढं लावलं नाही, ते तुला विचारल्याशिवाय करवेना. फोन का करत नाही, तर तिथून लागत नाही आणि पत्रात जे बोलता येतं ते फोनवर येत नाही, असं तूच आईला लिहिलंस. तीन वेळा तुझं येणं ठरवलं आणि तीन वेळा रजा नाकारली गेली. आधी ती स्वतः वाचायची, डोळे गेल्यापासून मी वाचून दाखवतो. मीच लिहायचं, मीच वाचायचं. हल्ली ती ऐकताना हसते तेव्हा मला बरं वाटतं की वाईट तेच कळत नाही.

ती उत्तरं सांगायची आणि मी लिहून पोस्टात टाकायला म्हणून न्यायचो. ती सगळी माझ्याकडे आहेत. तुझ्या त्या शिष्यवृत्तीच्या लखोट्यानंतरही मी सुधारलो नाही.

आणि दर पत्राच्या शेवटी मी एक ओळ घालायचो: ‘पैशांची काळजी करू नकोस, किती लागतील ते कळव.’ लेकीनं आईला असं विचारावं असं मला वाटायचं. लिहायला काय जातं? आणि ती दर वेळी ‘नको, तुझ्याकडे ठेव’ असं सांगणार हे मला माहीत होतं. ती सांगायचीही, आणि मग दिवसभर खुशीत असायची की आपण नको म्हणालो.

बाईंनी दोन पत्रं वाचली. तिसरं चाळलं. मग ती ओळ आपल्या वहीत उतरवून घेतली, अक्षर न् अक्षर. तुझी आई त्यांना कौतुकानं सांगत होती, हुशार आहे हो पोर, ऑफिसातल्या मशीनवर लिहिते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात तिचा होता आणि अवलक्षण माझं.

मी तिथेच बोलायला हवं होतं. ‘बाई, हे सगळं खोटं आहे, हे मी लिहिलं आहे, मुलीनं नऊ वर्षांत एक ओळ पाठवलेली नाही.’ एवढं म्हणालो असतो तर आज तुझ्या आईच्या उशाशी वर्षभराच्या गोळ्या असत्या. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की मी गप्प राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्याही माझ्याच.

जिन्यात बाई थांबल्या. म्हणाल्या, “काका, एवढी जीव लावणारी मुलगी आहे तुमची, आणि तिच्याकडून असं लिहून घेतलंत?”

मी म्हणालो, मी उद्या ऑफिसात येऊन सगळं सांगतो. त्या म्हणाल्या, उद्या सुट्टी आहे, परवा या.

— बाबा


१५ मार्च

खारू,

गेलो होतो. टाइपरायटर उचलून नेला. स्टॅम्पवाल्यानं एका बाजूनं धरला, नाहीतर माझ्याच्यानं होत नव्हतं.

खिडकीतला माणूस, त्याच्या मागे ट्रस्टच्या बाई आणि त्यांचे साहेब, असे तिघं होते. मी सगळं सांगितलं. पुरावा म्हणून त्यांच्यासमोर मशीनवर चार ओळी काढून दाखवल्या. या मशीनचा ‘र’ जरा वर बसतो, तुला आठवत असेल, तुझ्या लहानपणापासून तसाच आहे. म्हटलं, बघा, डब्यातल्या पत्रांतही तो तसाच वर बसला आहे. पत्रं माझी आहेत. मुलगी खरोखर विचारत नाही. तिनं दिलेला कागदच खरा आहे.

साहेबांनी तुझा कागद काढला आणि जवळ धरून बघितला.

“यातला ‘र’ पण वरच आहे.”

“मजकूर मी टाइप केला, साहेब. सही तिची आहे. नोटरीचा शिक्का आहे.”

“शिक्के कचेरीबाहेर कसे मिळतात ते तुम्हाला मी सांगायचं का?” मग ते खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवला नाही, उलट थकल्यासारखे बोलले. “पहिल्या अर्जात तुम्हाला मुलगी नव्हती. दुसऱ्या अर्जात होती, पण विचारत नव्हती. घरी गेलो तर महिन्याला पत्र लिहिते, पैसे देऊ का म्हणते. आता म्हणता, ती मुलगी तुम्हीच. काका, आम्ही यातल्या कुठल्या मुलीवर विश्वास ठेवायचा?”

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि एवढ्या सभ्यपणे नव्हे.

बाईंनी मध्ये पडून बघितलं. म्हणाल्या, पेशंट खरी आहे, आजार खरा आहे. साहेब म्हणाले, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचा आजार खराच आहे. खोटी माहिती दिल्यास अर्ज कायमचा रद्द, ही ओळ अर्जाच्या तळाशी असते. ती मी दोनशे लोकांना वाचून दाखवली आहे. कागदावर लाल शिक्का बसला. तू आता नवीन कागद पाठवलास, स्वतः येऊन उभी राहिलीस, तरी त्या खिडकीतून काही मिळणार नाही. हे मी विचारून घेतलं.

बाकीचे दरवाजेही ठोठावले. एक संस्था आहे, ती फक्त लहान मुलांना देते. डॉक्टरांकडे कंपनीची नमुन्याची एक पट्टी होती, ती त्यांनी मला दिली. पायऱ्यांवरच्या लोकांनी वर्गणी काढली. त्यात रहिवासाच्या दाखल्यासाठी आलेली ती बाईसुद्धा होती. त्यातून थोड्या गोळ्या आल्या. टाइपरायटर विकायला काढला तर दुकानदार म्हणाला, वजनावर घेतो. मी परत आणला.

पहिल्या पत्रात पैसे मागत नाही असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. ती ऐट आता राहिलेली नाही. पण मागायचंही धाडस होत नाही, कारण कशाच्या जोरावर मागू? ज्या मुलीनं ‘किती लागतील ते कळव’ असं शंभर वेळा विचारलं ती तू नाहीस.

— बाबा


२१ मार्च

खारू,

काल तुझ्या आईला सांगितलं की ट्रस्टनं नाही म्हटलं. का म्हटलं ते सांगितलं नाही. नियमात बसलं नाही, एवढंच म्हणालो. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा भिंतीकडे तोंड करून पडून राहील. अलीकडे तिला धाप लागते, अंगावर निळे डाग उठतात, जिन्यापर्यंत जायचं तर दोनदा बसते. तिला सगळं कळतं.

ती हसली, खारू. मोकळं, जुन्यासारखं. म्हणाली, “तुम्ही एवढं तोंड पाडून का बसलात? आपली पोर आहे ना. इतकी वर्षं विचारतेय, मी मुद्दाम नको म्हणत आले. म्हटलं, खरी वेळ येईल तेव्हा घेऊ, उगाच आत्तापासून का संपवा. आता आली वेळ. घ्या कागद.”

मी तोंड उघडलं. सांगणारच होतो. तिनं माझा हात चाचपडून धरला आणि म्हणाली, लाजू नका, लेकीकडे कसली लाज. तिच्या हाताला हल्ली जोर नसतो, पण काल होता. माझ्यानं सांगवलं नाही. आणि आता कधी सांगवेल असंही वाटत नाही.

तू ज्याला हो म्हणाली नाहीस ते तुझ्या नावावर मी नऊ वर्षं देऊन बसलो आहे. तू ते पाळायला बांधलेली नाहीस. तू उत्तर दिलं नाहीस तर मी तिला काय वाचून दाखवायचं, ते मला माहीत नाही. लोकांची पत्रं लिहिण्यात जन्म गेला, पण ते पत्र मला लिहिता येणार नाही.

खाली तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. यात एकही शब्द माझा नाही. तिचं हे पहिलंच पत्र आहे जे मी खरोखर पोस्टात टाकणार आहे.

‘खारूबाळ,

तुझं या महिन्याचं पत्र अजून आलं नाही, कामात असशील. झाड राहिलं की तोडलं ते तू सांगितलंच नाहीस. घरमालकीण आता बरी वागते ना? तिला म्हणावं माझी आई आली की तुला बघून घेईल. माझं काही खरं नाही म्हणा, दोन पायऱ्या चढले की दम लागतो, पण तुझ्या खोलीत एकदा बसायची इच्छा आहे.

तू दर पत्रात विचारतेस, किती लागतील ते कळव, आणि मी मेली दर वेळी नको म्हणते. तुला वाईट वाटत असेल. मला वाटायचं, पोर एकटी राहते, तिच्या गाठीला असू देत. तर आता मी हो म्हणते. औषधाची चिठ्ठी बाबा सोबत घालत आहेत, त्यावर सगळं आहे. तुझे बाबा फार मनाला लावून घेतात, मागू नये म्हणतात. मी म्हटलं, मागतो कुठे, तीच तर देते म्हणते.

एक सांगते, रागावू नकोस. तुझ्या त्या एका ओळीच्या जिवावर मी या आजाराला कधी घाबरले नाही. डॉक्टर काहीबाही बोलायचे तेव्हा मी मनात म्हणायचे, बोला तुम्ही, माझी मुलगी आहे.

गोळ्या शुक्रवारपर्यंतच्या आहेत. पण तू धावपळ करू नकोस, जेवणखाण सांभाळून, सवडीनं पाठव.

तुझी आई.’